यंदा कावळे नाहीत

हंगामाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी रिकाम्या हातानं परत आलो. इमारतीच्या मागे गाडी लावली, बंदुकीची पेटी खांद्याला अडकवली, नकली कावळ्यांची बादली उचलली, आणि दारापर्यंत पोचायच्या आत माझ्या बाहीवर थप्पकन काहीतरी पडलं. पांढरं, मधे हिरवट काळं, अगदी ताजं. मी वर पाहिलं. वाहनतळाच्या कडेला एक म्हातारं सिकमोरचं झाड आहे. फेब्रुवारीत आमच्याकडे कुठल्याच झाडाला पान नसतं, पण हे झाड गच्च भरलेलं होतं. मी पाहत असतानाच त्या पानांनी आपापल्या जागा बदलल्या, एकमेकांना ढोसलं, पंख झटकले. पलीकडच्या झाडावर तेच. बँकेच्या छपराच्या कडेवर तेच. अख्खा हिवाळा मी जिल्ह्यातली शेतं पालथी घातली होती, कावळ्यासाठी आभाळाकडे बघून बघून मान धरली होती, आणि सगळा जिल्हा माझ्या झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोर येऊन बसला होता. देखभालीचा माणूस दारात फावडं टेकवून उभा होता. माझ्या हातातल्या बादलीकडे आणि बाहीकडे बघत तो म्हणाला, "हॉस्पिटलकडच्या झाडांवर होते म्हणे सगळा हिवाळा. सोमवारी नगरपालिकेनं दिवे मारून, भोंगे वाजवून हाकलले, ते आपल्या उरावर. तुमची तरी चंगळ झाली म्हणायची." शहरात बंदूक उडवायला बंदी आहे हे त्यालाही ठाऊक होतं. दात काढत तो आत गेला.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पहिला विचार वर्लिनचा आला, आणि दुसरा विचार असा की तो आता मुळीच विश्वास ठेवणार नाही.

वर्लिन आणि मी लग्नं व्हायच्या आधीपासून कावळे मारतो. हरणं मारणारे लोक आम्हाला हसतात. कावळ्याचं काय करता, खाता का, म्हणून विचारतात. शेतकरी हसत नाहीत, कारण मक्याचे कोंब उपटून खाणारा कावळा त्यांनी पाहिलेला असतो. ते आपल्या बांधावर आम्हाला खुशाल बसू देतात, वर कॉफी पाजतात. पण खरं सांगायचं तर मक्याशी आम्हाला काही देणंघेणं नव्हतं. हरणाला गप्प बसून मारायचं असतं. कावळ्याला बोलावून आणावं लागतं, त्याच्याशी खोटं बोलावं लागतं, आणि तो फार हुशार असल्यामुळे खोटं फार चांगलं बोलावं लागतं. बाकीचे लोक लाकडी पिपाणी फुंकतात. अलीकडे तर बटण दाबलं की आपोआप ओरडणारी पेटी मिळते. वर्लिनला यातलं काहीच लागत नसे. तो नुसतं तोंड उघडायचा. काटक्यांच्या आडोशात माझ्या शेजारी उलट्या बादलीवर बसायचा, टोपी मागे सारायचा, आणि त्याच्या गळ्यातून एक अख्खं भांडण बाहेर पडायचं: घुबड सापडलं, या रे, मारा त्याला, कुठं मेलात सगळे! शेवटच्या ओरडीला त्याचा आवाज किंचित अडकायचा, उचकी लागावी तसा. तो अडकलेला आवाज कावळ्यांना खोटा वाटायचा नाही. मलाही वाटायचा नाही. शेजारी बसून मला दर वेळी क्षणभर वाटायचं, कुठेतरी खरंच घुबड असणार.

मला ते कधी जमलं नाही. दर वर्षी एकदा तरी मी प्रयत्न करायचो आणि दर वर्षी तो तेच म्हणायचा, "तोंड मिट, लोवेल. कावळे हसतील." माझ्या बायकोच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात सगळे जण हळू आवाजात माझ्याशी बोलत होते, बशीत आणखी हॅम वाढत होते. मी कुणाला तरी काहीतरी सांगत सुटलो होतो, काय ते आठवत नाही, थांबता येत नव्हतं. तेव्हा वर्लिन मागून आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "तोंड मिट, लोवेल." इतकंच. मी गप्प झालो आणि मला रडू आलं. दिवसभर ते कुठे अडकलं होतं कोण जाणे.

गेल्या वसंतात त्याच्या घशात गाठ निघाली. ती काढली, आणि तिच्याबरोबर स्वरयंत्रही काढलं. आता त्याच्या मानेच्या खळग्यात एक भोक आहे आणि तो त्यातून श्वास घेतो. हॉस्पिटलनं त्याला एक यंत्र दिलं, लहान बॅटरीएवढं. गळ्याला टेकवून ओठ हलवले की बोलता येतं. त्यानं ते एकदाच लावलं, स्वतःचा आवाज ऐकला, आणि कपाटाच्या खणात टाकून दिलं. हे मला त्याच्या बायकोनं, डार्लानं सांगितलं. "डब्यात माशी अडकल्यासारखं वाजतं रे," ती म्हणाली, "पण मला चाललं असतं. माशी तर माशी." त्यानंतर तो कुणाशीच बोलला नाही. माझा फोन आला की डार्ला फोन त्याच्या कानाला लावायची आणि तो लग्नाच्या अंगठीनं त्यावर टिचकी मारायचा. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. मी बेसबॉलबद्दल बोलायचो, कंबरेबद्दल बोलायचो, मुलगी ओरेगनहून फोन करत नाही म्हणून कुरकुरायचो, आणि पलीकडून टक यायचं, किंवा टक टक. कावळ्यांचा विषय मी काढत नसे. फाशी गेलेल्याच्या घरी दोराचं नाव कशाला काढायचं, असं मला वाटायचं.

विषय त्यानंच काढला, नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात, डार्लाच्या तोंडून. "लोवेल, तो विचारतोय, यंदा कधी जायचं. म्हणजे विचारत नाही, बंदूक काढून टेबलावर ठेवलीये त्यानं. म्हणतो, म्हणजे मलाच वाटतं की म्हणतो, नुसता बसेन शेजारी. नेशील ना रे त्याला?" मी म्हणालो, "नेईन की. पण यंदा कावळेच नाहीत गं. मी परवाच सगळीकडे फिरून आलो. एक पीस दिसलं नाही." हे खरं होतं. अक्षरन् अक्षर खरं. गुरांच्या गोठ्यांमागे, नदीकाठच्या मक्याच्या धसकटांत, धान्याच्या कोठारापाशी, जिथं दर वर्षी आभाळ काळं होतं तिथं काही नव्हतं. डार्ला म्हणाली, "थांब, त्यालाच सांग." फोन सरकल्याची खरखर झाली, आणि मग त्या भोकातून येणारा श्वास ऐकू आला, ओलसर, वाऱ्यासारखा. मी म्हणालो, "वर्लिन, यंदा कावळे नाहीत रे." आणि म्हणता म्हणताच मला माझा आवाज ऐकू आला. शेजारणीनं जेवायला बोलवावं आणि माणसानं पोट बिघडल्याचं सांगावं, तसला आवाज. खरी गोष्ट इतकी खोटी वाजू शकते हे मला माहीत नव्हतं. मी टिचकीची वाट पाहिली. एक नाही, दोन नाही. थोड्या वेळानं डार्ला परत आली. "गेला आत," ती म्हणाली. तिचा आवाजही बदलला होता. नंतर मी फोन केला की तो झोपलेला असायचा. दुपारी झोपलेला, सकाळी झोपलेला, रविवारी झोपलेला.

तेव्हापासून मी कावळे मारायला जात नव्हतो, शोधायला जात होतो. एक थवा सापडला की वर्लिनला गाडीत घालायचं, तिथं नेऊन बसवायचं, आणि मग म्हणायचं, बघ, आता आहेत, तेव्हा नव्हते. हिवाळाभर हेच एक काम होतं मला. पहाटे उठायचं, पंपावर कॉफी घ्यायची. तिथली मुलगी विचारायची, मोठा कप की लहान? मी म्हणायचो, मोठा. कित्येक दिवस दिवसभरात माझ्या तोंडून निघालेला तो एकच शब्द असायचा. मग शेतं. बादली उलटी करून बसायचं, शेजारची दुसरी बादली रिकामी. ती मी का नेत होतो, ते मला सांगता येणार नाही. नकली कावळे बसवायचे, खांबावर नकली घुबड लावायचं, पिपाणी फुंकायची. बोटं बधिर व्हायची, मिशीवर बर्फ धरायचं. वारा धसकटांतून सूं सूं करत जायचा आणि मला त्यात मानेच्या भोकातून येणारा श्वास ऐकू यायचा. मग मी उठून उगीच गाडीपर्यंत जाऊन यायचो.

एकदाच एक कावळा आला. डिसेंबरात, नाताळच्या आधी, नदीकाठच्या शेतात. एकटा होता म्हणजे टेहळ्या होता. थव्याच्या पुढे एक जण येऊन पाहून जातो, मग बाकीचे येतात. त्याला मारायचं तर पहिल्याच बाराला मारायचं, नाहीतर तो परत जाऊन बोंब ठोकतो आणि ते शेत वर्षभरासाठी बाद होतं. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तो पूर्वेकडून आला, खाली उतरला, घुबडावरून एक फेरी मारली. मी बंदूक उचलली. अगदी टप्प्यात होता, त्याच्या छातीवरचं ऊन दिसत होतं मला. आणि मी थांबलो. कशासाठी थांबलो हे तो निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. वर्लिन बोलावण्यात गुंतलेला असायचा, त्यामुळे बार काढायची वेळ तो माझ्या कोपराला चिमटा काढून सांगायचा. एक चिमटा म्हणजे हलू नकोस, दोन म्हणजे आता. इतक्या हिवाळ्यांत मी कधी आपण होऊन बंदूक उडवलीच नव्हती. माझा डावा कोपर त्या चिमट्याची वाट पाहत होता. टेहळ्यानं माझ्याकडे पाहिलं, सरळ डोळ्यांत, आणि ओरडत नदीपार गेला. मी कोपर चोळत बसलो. हंगाम तिथंच संपला खरं तर. पुढचं सगळं हट्ट होता.

आणि तरी, आता सिकमोरखाली मान वर करून उभा असताना, बाही घाण झालेली, मला एक गोष्ट विचारावीशी वाटली. विचारायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून स्वतःलाच विचारली. डार्लाला मी म्हणालो कावळे नाहीत, तेव्हा मला बरं वाटलं होतं का? आभाळ रिकामं होतं, ते खरंच. पण ते भरलेलं असतं तर? वर्लिन माझ्या शेजारी बादलीवर बसला आहे, टोपी मागे सारतो आहे, तोंड उघडतो आहे आणि काही येत नाही, हे पाहायला मी तयार होतो का? नव्हतो. ते मला पाहवलं नसतं. कावळे नव्हते हे माझं नशीब होतं, आणि त्या मेल्या वर्लिननं फोनवरून, एकही शब्द न बोलता, तेवढंच नेमकं ऐकलं होतं. खोटं कसं वाजतं हे त्याला कळणार नाही तर कुणाला कळणार! जन्मभर दुसरं केलं काय त्यानं? वर कुणीतरी ओरडलं आणि सगळं झाड त्याला उत्तर देऊ लागलं. एवढा कालवा. मला एकाएकी फार एकटं वाटलं, इतकं की जिन्याच्या दाराची किल्ली कुठली तेच आठवेना.

कोट मी धुतला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच घालून वर्लिनच्या घरी गेलो. डार्लानं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दारातच उभी राहिली.

"झोपलाय."

"असू दे. उठेपर्यंत बसतो."

"लोवेल, आता कशाला आलास? हंगाम संपला ना काल? रोज खिडकीत बसत होता, माहितीये तुला? एक गाडी गेली की मान वर. मी म्हणायचे, अरे कावळे नाहीत म्हणतोय तो. तर माझ्याकडे असा बघायचा, जशी मीच तुझ्या बाजूची."

"कावळे नव्हतेच, डार्ला."

"बरं. नव्हते."

"आता आहेत. माझ्या दारात आहेत. शहरात."

ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "अरे वा! हंगाम संपला आणि शहरात आले! हे तरी जरा बरं रचायचंस."

आतून टक टक ऐकू आलं, अंगठीचं, खुर्चीच्या लाकडावर. नाही. तो जागाच होता. मी डार्लाच्या बाजूनं आत घुसलो. वर्लिन खिडकीशी बसला होता, गळ्याला निळा रुमाल बांधलेला, मी समजत होतो त्याहून बराच लहान झालेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाटेत पुष्कळ काही जुळवलं होतं, शब्दसुद्धा ठरवले होते, पण त्या ओलसर श्वासापुढे त्यातलं एकही वाक्य उभं राहीना. मग मी डावा हात पुढे केला आणि बाही त्याच्या नाकासमोर धरली.

"हे बघ," मी म्हणालो. "हे काही मी रचलेलं नाही."

तो बघत राहिला. मग त्यानं माझं मनगट धरलं, बाही उजेडाकडे वळवली, वाळलेल्या डागावर अंगठ्याचं नख घासलं. त्यातून लालसर बिया निघाल्या, सुमाकच्या, हिवाळ्यात कावळे खातात त्या. त्या त्यानं बोटावर चोळून पाहिल्या. मग त्याचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं त्याला खोकला आला आहे, डार्लाही धावली. पण तो हसत होता. त्याच्या गळ्यातला रुमाल फुगत होता आणि बसत होता आणि आवाज कसलाच नव्हता. डार्ला कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कावळा अंगावर हगला तेव्हा कुठं मेल्याला पुरावा सापडला!" आणि तिनं हुंदका दिला की हसली ते मला कळलं नाही. वर्लिन उठला. खुंटीवरचा शिकारीचा कोट त्यानं स्वतःच काढला. बंदुकीकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यानं ती तिथंच राहू दिली. मग कपाटाकडे जाऊन त्यानं खण उघडला आणि बंद केला. काय घेतलं ते मी पाहिलं नाही.

शहरात न्यायालयासमोर गाड्या ठेवायची बहुमजली इमारत आहे. तिच्या गच्चीवर हिवाळ्यात कुणी गाडी लावत नाही. आम्ही दोन बादल्या उलट्या करून कठड्याच्या आडोशाला बसलो, कोटांच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावून. खाली दिवे लागत होते. कुणी पाहिलं असतं तर पोलिसांना बोलावलं असतं. मी त्याच्याकडे पाहत नव्हतो. पाहायची भीती वाटत होती. मग पूर्वेकडून, महामार्गापलीकडच्या कचऱ्याच्या टेकडीवरून, जिथं शिकाऱ्यांना जाऊ देत नाहीत आणि जिथं ते हिवाळाभर खुशाल पोट भरत होते, ते यायला लागले. आधी एक ओळ, मग तिच्यामागे दुसरी, मग ओळीच राहिल्या नाहीत. वर्लिननं टोपी मागे सारली. मी डोळे मिटणार होतो, पण मिटले नाहीत. त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, तेच भांडण, तोच ताल, शेवटच्या ओरडीला तोच झटका. आणि रुमालातून फक्त वारा. पण तो थांबला नाही, त्यानं पुन्हा केलं. मला समजलं की त्याला ठाऊक आहे, मला दिसतंय हेही ठाऊक आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नाही. इतका हिवाळा मी जे टाळत होतो ते एवढंच होतं.

कोपराला चिमटा बसला. एक. मी हललो नाही. थव्यातून एक कावळा सुटून आमच्याकडे वळला, टेहळ्या, कठड्यावरून खाली उतरत, मान वाकडी करून बघत. चिमटा बसला, आणखी एक. आता. माझ्या हातात बंदूक नव्हती. मी वर्लिनकडे पाहिलं. त्यानं भिवयांनी माझ्या तोंडाकडे खूण केली, वैतागून, मठ्ठ पोराला करावी तशी. तेव्हा मी तोंड उघडलं आणि ओरडलो. जितकं येतं तितकं सगळं ओरडलो, घुबड सापडलं, या रे, कुठं मेलात सगळे. माझा आवाज फाटला, घोगरा झाला, खाली रस्त्यावर कुणाचा तरी कुत्रा भुंकायला लागला. टेहळ्या हवेत जागच्या जागी थबकला, त्यानं आमच्याकडे पाहिलं, आणि पंख मारत निघून गेला.

शेजारी कोटाच्या खिशात खुडबुड झाली. वर्लिननं ते बॅटरीएवढं यंत्र काढलं, रुमाल बाजूला केला, गळ्याला टेकवलं. मग डब्यात अडकलेली माशी बोलली, सपाट, खरखरीत, शब्द सुटा सुटा:

"तोंड मिट, लोवेल. कावळे हसतील."

मी तोंड मिटलं. मला गप्प बस म्हणणारं कुणीतरी होतं. आम्ही पार अंधार होईपर्यंत तिथं बसून राहिलो, आणि ते येतच होते.